शिखर ही निम्मी वाट

(शेवगाव येथे तरुण कार्यकर्ते आणि पालक यांच्या एकत्रित मेळाव्यात, रतनगडाच्या एकदिवसीय मोहिमेच्या पूर्वतयारीनिमित्त झालेल्या भाषणाचा संपादित अंश.)



शेवगावला नळाने येणारे पाणी जायकवाडीच्या नाथसागरातले आहे, हे येथील लहान मूलही सांगेल. त्या पाण्यात गोदावरीबरोबर प्रवरेचाही वाटा आहे. ही प्रवरा नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. तिचा उगम मात्र जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात, रतनगडाच्या कुशीत आहे. ज्या नदीचे पाणी पिऊन ही पिढी वाढली, तिच्या उगमावरचा गड चढण्याचा संकल्प येथील तरुणांनी केला आहे. संकल्प स्तुत्य आहे. परंतु केवळ संकल्पाने गड चढता येत नाही आणि केवळ उत्साहाने तो उतरता येत नाही.

शेवगावचा मुलूख काळ्या मातीचा आणि सपाट. पाऊसही बेताचा. उलट रतनगडाशेजारचे घाटघर ‘नगर जिल्ह्याची चेरापुंजी’ म्हणून ओळखले जाते. जिल्हा एकच, पण निसर्गाची रूपे दोन. सपाटीवर वाढलेल्या मुलाच्या पायांत बळ असते, काटकपणा असतो. कातळाची ओळख मात्र नसते. ती आधी करून द्यावी लागते. त्यासाठी लांब जायला नको. पाथर्डी तालुक्यात गर्भगिरीचे डोंगर आहेत, वृद्धेश्वर आहे, मढी आहे. मोहिमेच्या आधीचे किमान चार रविवार पाठीवर पिशवी घेऊन त्या डोंगरांत चालावे. कोणाला दम लागतो, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला खोली पाहून गरगरते, हे तेथेच कळते. ते रतनगडाच्या शिडीवर कळणे बरे नव्हे. दमा, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी काही असल्यास पालकांनी ते पथकप्रमुखाला मोकळेपणाने सांगावे. त्यात कमीपणा नाही.

रतनगडाची उंची सुमारे सव्वाचार हजार फूट. पायथ्याला रतनवाडी हे गाव आणि गावात अमृतेश्वराचे प्राचीन, शिल्पसमृद्ध मंदिर. तेथून वाट प्रवरेचे पात्र ओलांडत दाट झाडीत शिरते, मग चढणीला लागते आणि उभ्या कातळाला भिडते. या कातळटप्प्यावर लोखंडी शिड्या आहेत. त्यानंतर गणेश दरवाजा, हनुमान दरवाजा, पाण्याची टाकी आणि माथ्यावर ते प्रसिद्ध नेढे, म्हणजे डोंगराला आरपार पडलेले भोक. नेढ्यात शिरताना हातापायांनी कातळ धरूनच चढावे लागते. दुसऱ्या बाजूला त्र्यंबक दरवाजाच्या कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या आहेत. चढण शिड्यांनी, की त्र्यंबक दरवाजाने, हे वाटाड्याच्या सल्ल्याने आधीच ठरवावे. कड्याखाली उभे राहून मतदान घेऊ नये.

आता वेळेचे गणित. शेवगाव ते रतनवाडी हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रात्रभर गाडीत अवघडून बसलेला मुलगा सकाळी कातळावर चढवणे हे साहस नव्हे, तो अविचार आहे. आदल्या दिवशी सायंकाळपूर्वी रतनवाडीत पोहोचावे, गावातच जेवावे, लवकर निजावे. सकाळी साडेसहाला पहिले पाऊल पडले, तर नवख्या पथकाला माथा गाठायला चार तास धरावेत. नेढे पाहून बारा वाजता सर्वांनी परतीला लागावे. शिडीपाशी एका वेळी एकच जण चढतो किंवा उतरतो. पथकात वीस जण असतील आणि प्रत्येकाला तीन मिनिटे लागली, तर एका शिडीवर एक तास जातो. उतरतानाही तेवढाच. हा हिशेब न मांडल्यामुळेच पथके अंधारात सापडतात. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि रानात अंधार त्याच्याही आधी पडतो.

म्हणून योजना आखताना पहिला प्रश्न ‘माथ्यावर किती वाजता पोहोचायचे’ हा नसावा. ‘कोणत्या क्षणी मागे फिरायचे’ हा असावा. ती वेळ आदल्या रात्री सर्वांना सांगावी, कागदावर लिहावी, गावात राहणाऱ्या एका व्यक्तीजवळ ठेवावी. बारा वाजले आणि नेढे शंभर पावलांवर असले, तरी पथक वळले पाहिजे.

हे सांगणे सोपे, आचरणे कठीण. एव्हरेस्टच्या इतिहासात याचा एक उदात्त दाखला आहे. २६ मे १९५३ रोजी टॉम बोर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स हे दोघे दक्षिण शिखरावर पोहोचले. मुख्य शिखर अवघे तीनशे फूट वर होते. तोवर तेथे कोणताही मानव पोहोचलेला नव्हता. पण प्राणवायू आणि वेळ यांचा हिशेब जुळेना, तेव्हा ते मागे फिरले. जिवंत परतले. त्यांनी ठेवलेल्या प्राणवायूच्या नळकांड्या तीनच दिवसांनी तेनसिंग आणि हिलरी यांच्या उपयोगी पडल्या. जगाने शिखरावरची दोन नावे लक्षात ठेवली. पण त्या यशात मागे फिरलेल्या दोघांचाही वाटा आहे.

आपल्याला तर यासाठी एव्हरेस्टकडेही पाहायला नको. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून शिवछत्रपती निसटले, ती माघारच होती. पण ती योजनाबद्ध माघार होती. कोणत्या रात्री निघायचे, कोणत्या वाटेने जायचे, शत्रूला चकवण्यासाठी दुसऱ्या पालखीत कोण बसेल, खिंड कोण रोखील आणि विशाळगडावरच्या तोफांचा इशारा कशासाठी, हे सारे ठरलेले होते. शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांच्या बलिदानापुढे मस्तक नमते ते त्या योजनेच्या एकेक कडीसाठी त्यांनी प्राण दिले म्हणून. गडावर जाऊन महाराजांचा जयजयकार करणाऱ्याने महाराजांची ही हिशेबी बुद्धीही उचलली पाहिजे.

काही व्यावहारिक गोष्टी. पथकाच्या पुढे एक जाणता आणि सर्वांत मागे दुसरा जाणता असावा; मागच्याच्या मागे कोणीही राहू नये. कातळावर दोन हात, दोन पाय या चार आधारांपैकी एका वेळी एकच सुटावा, तीन पक्के असावेत. धरण्यापूर्वी दगड हलवून पाहावा. सह्याद्रीचा कातळ लाव्ह्याच्या थरांचा आहे. त्यातले काही थर पोलादासारखे, तर काही ठिसूळ. घसाऱ्यावर दोघांत अंतर ठेवावे आणि दगड सुटताच मोठ्याने ‘दगड’ अशी आरोळी द्यावी. एरवी मात्र आरडाओरडा, धूर, अत्तर वर्ज्य. कड्यांना आग्यामोहोळे असतात. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी, दशम्या, गूळ-शेंगदाणे, विजेरी आणि चांगल्या पकडीचे बूट असावेत. पावसाळ्यात हा बेत करू नये. मोबाइलच्या भरवशावर राहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रस्त्यापर्यंत येईल, रस्त्यापर्यंत जखमीला आपणच आणायचे आहे. हा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. नेलेला प्रत्येक कागद परत आणावा.

आणि वाटाड्या गावातलाच घ्यावा. त्याचे मोल ठरवून, सन्मानाने द्यावे. या डोंगरांतले महादेव कोळी, ठाकर बांधव हे गडांचे खरे राखणदार. इंग्रजांविरुद्ध उठाव करून १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातील देवगावचे. रतनवाडीच्या घरात भाकरी खाताना त्यांची गोष्ट त्या घरातल्या आजोबांच्या तोंडून ऐकावी. शहाणपण शेवगावातून डोंगरात न्यायचे नाही, डोंगरातून शेवगावात आणायचे आहे.

शेवटी पालकांसाठी एक शब्द. मुलगा किंवा मुलगी शिडीपाशी घाबरून थांबली आणि परत आली, तर घरी तिची थट्टा होऊ नये. ‘भीती वाटते’ असे चारचौघांत सांगण्याला धैर्य लागते, आणि ते ऐकून तिच्यासोबत एक जाणता कार्यकर्ता खाली थांबवणे याला नेतृत्व म्हणतात. संघटना अशाच प्रसंगांतून घडते. सगळ्यांत वेगवान पावलाने पथकाची चाल ठरत नाही. सगळ्यांत संथ पावलाने ठरते.

गड कित्येक पावसाळे पाहून उभा आहे, पुढच्या वर्षीही असेल. शिखर ही निम्मी वाट आहे. आई दारात उभी राहून गाडीची वाट पाहते, तेथे पोहोचल्यावरच मोहीम पूर्ण होते.