गिऱ्हाईकाचा बहिष्कार आणि पापलेटाची पिल्ले

(वसई येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या परिसरातील काही तरुण मित्रांनी एक प्रतिज्ञापत्रक तयार केले आहे. लहान पापलेट मी विकत घेणार नाही, खाणार नाही, दुसऱ्यालाही घेऊ देणार नाही, असा त्याचा आशय आहे. पत्रकात त्यांनी आधार दिला आहे तो व्हेलच्या शिकारीविरुद्ध युरोप-अमेरिकेतील ग्राहकांनी केलेल्या बहिष्काराचा. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. परंतु आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला हेतूपलीकडे आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : या बहिष्काराचा भार शेवटी कोणाच्या डोक्यावर जाऊन बसणार?

आधी व्हेलची हकिगत पाहू, कारण ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने १९८२ साली व्यापारी शिकार स्थगित करण्याचा ठराव केला आणि १९८५-८६ च्या हंगामापासून तो अमलात आला. त्याआधी १९७९ सालीच आपला हिंदी महासागर व्हेलसाठी अभयक्षेत्र म्हणून जाहीर झाला होता. ठरावानंतरही आइसलँडने 'शास्त्रीय संशोधना'च्या नावाखाली शिकार चालू ठेवली. तेव्हा ग्रीनपीस आणि इतर संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. हा बहिष्कार व्हेलच्या मांसावर नव्हताच. बोस्टन किंवा हॅम्बर्गमधला ग्राहक मुळात व्हेल खात नव्हता. जे आपण खातच नाही, ते सोडून कोणाला धाक घालणार? बहिष्कार होता आइसलँडच्या कॉड माशावर. त्या छोट्या देशाची बहुतांश निर्यात मासळीची, आणि त्या मासळीचे मोठे खरेदीदार म्हणजे अमेरिकेतील उपाहारगृहांच्या साखळ्या आणि जर्मनीतील दुकानांच्या साखळ्या. लाखो गृहिणींचे मन वळवण्याची गरज पडली नाही. मूठभर कंपन्यांच्या खरेदी-अधिकाऱ्यांना आपल्या नावाची काळजी वाटली, काहींनी करार रद्द केले, आणि १९८९ नंतर आइसलँडची शिकार थांबली.

इथवरची कथा पत्रकात आहे. पुढची अशी की आइसलँड १९९२ साली आयोगातून बाहेर पडले, २००२ साली परत आले, २००३ साली त्यांनी पुन्हा 'संशोधन' सुरू केले आणि २००६ साली उघड व्यापारी शिकार. नॉर्वेने तर १९९३ सालीच व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. बहिष्काराच्या धमक्या त्यांनाही मिळाल्या. पण नॉर्वेची मुख्य निर्यात खनिज तेल आणि वायू यांची, आणि तेलाच्या थेंबावर देशाचे नाव लिहिलेले नसते. जपानला २०१४ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अंटार्क्टिकातील शिकारीबद्दल फटकारले. २०१९ साली जपान आयोगातूनच बाहेर पडले आणि त्यांनी आपल्या किनाऱ्याजवळ शिकार सुरू केली. गंमत अशी की १९६० च्या दशकाच्या आरंभी दोन लाख टनांहून अधिक व्हेलमांस खाणारा जपान आज काही हजार टनांवर आला आहे, आणि त्याचे मोठे कारण परक्या देशांचा बहिष्कार हे नाही. युद्धोत्तर टंचाईत ज्या मांसाने पोटे भरली, ते दुसरे मांस परवडू लागल्यावर लोकांनी आपणहून मागे टाकले.

तेव्हा बहिष्कार निरुपयोगी असे मी म्हणत नाही. तो कोठे लागू पडतो, हे पाहावे लागते. ज्याच्यावर दाब द्यायचा त्याच्याच गल्ल्यात घट पडली पाहिजे, माल ओळखता आला पाहिजे, आणि खरेदी थोड्या व नावाला जपणाऱ्या हातांत एकवटलेली असली पाहिजे.

बहिष्काराचे धडे आपल्याला आइसलँडकडूनच घ्यायला हवेत असेही नाही. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. १२ डिसेंबर १९३० रोजी बाबू गेनू हा गिरणी कामगार विदेशी कापडाच्या मोटारीखाली काळबादेवीत चिरडला गेला. त्या त्यागापुढे मान लवतेच. परंतु बंगालमध्ये बहिष्कार ऐन भरात असताना मुंबईच्या गिरण्यांनी कापडाचे भाव चढवले, ही तक्रारही त्याच काळातली आहे. त्याग गिऱ्हाईकाने करावा आणि नफा तिसऱ्याने उचलावा, हा बहिष्काराचा जुना रोग आहे. १९७२ नंतर मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांनी तेल खाणे सोडा असे कोणाला सांगितले नाही. तेल रेशनवर द्या, असे सरकारला ठणकावले.

आता आपल्या बंदरावर येऊ. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव येथे डोल जाळ्यांची मासेमारी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ओहोटी-भरतीच्या ओढीवर चालणाऱ्या या जाळ्यात बोंबील येतो, मांदेली येते, जवळा येतो. मांदेली आणि जवळा ही जन्मभर लहानच राहणारी मासळी आहे. पापलेटाचे पिल्लू हे मोठे होऊ शकणारे पापलेट आहे. लहान मासा आणि माशाचे पिल्लू यांतील हा फरक प्रतिज्ञापत्रकात आलेला नाही. शहरातून नव्याने आलेला सुशिक्षित ग्राहक 'लहान मासळी पाप' एवढेच लक्षात ठेवील आणि मांदेलीच्या वाट्याकडे पाठ फिरवील. म्हणजे ज्या मासळीने गरिबाचे कालवण होते आणि जिच्यावर गरीब कोळणीचा दिवस निघतो, तिच्यावरच घाव.

कायदा या बाबतीत अधिक नेमका आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटासाठी तो १३५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे सव्वापाच इंच आहे. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमाशाचा मानही दिला गेला. केरळने किमान आकाराची सुरुवात २०१५ सालीच केली होती. मान दिल्याने मासा वाढत नाही हे उघड आहे, पण निदान पट्टी हातात आली.

पट्टी कोठे लावायची? पत्रक म्हणते, बाजारात, गिऱ्हाईकाने. बाजारात पाटीमागे कोण बसलेले असते? पहाटे बंदरावरच्या लिलावात रोख किंवा उधारीने माल उचललेली बाई. जाळ्याचा आस तिने ठरवलेला नसतो. तुम्ही दहा जणांनी तिचा वाटा नाकारलात तर संध्याकाळी ती तो पडेल भावात विकते, आणि स्वस्त मिळाले म्हणून अकरावा तो घेतो. आमच्या शास्त्रात सांगायचे तर पकडलेल्या मासळीचा पुरवठा त्या दिवसापुरता ताठर असतो : डिझेल जळलेले असते, बर्फ भरलेला असतो, खलाशांचा वाटा ठरलेला असतो, आणि पिल्लू मेलेले असते. भाव कोसळला म्हणून ते समुद्रात परत जात नाही. दीर्घ काळात मात्र, पिल्लांना भावच येत नाही असे वर्षानुवर्षे दिसले तर नाखवा मोठ्या आसाचे जाळे घेईल, हा युक्तिवाद मी मान्य करतो. पण तोवरचे नुकसान नाखव्याचे होणार नाही, त्या बाईचे होणार आहे. कोळी समाजात तीच घरातील सर्वांत कष्टाळू आणि सर्वांत कमी भांडवलाची व्यापारी असते.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. ट्रॉलरच्या खोळीत ओढून आलेल्या पिल्लांतील फार मोठा भाग आपल्या ताटापर्यंत येतच नाही. तो मत्स्यभुकटीच्या कारखान्यात जातो आणि तेथून कोंबड्यांच्या व कोळंबीच्या खाद्यात. या मालाला गिऱ्हाईकाचा चेहरा नाही. शुक्रवारी उपवास म्हणून मटण सोडून मासळी घेणारे आमचे ख्रिस्ती शेजारी असोत, की श्रावण पाळणारे हिंदू, यांच्यापैकी कोणाच्याही प्रतिज्ञेने भुकटीच्या एका पोत्याचीही विक्री कमी होणार नाही.

श्रावणाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. इतका शिस्तीचा ग्राहक-बहिष्कार जगात क्वचितच असेल. आज्ञापत्र नाही, प्रतिज्ञापत्रक नाही, तरी लाखो घरांत महिनाभर मासळी बंद. पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्याही शाकारलेल्या असत, म्हणून गिऱ्हाईक आणि कोळी दोघेही एकदम थांबत. आज सरकारी बंदी ३१ जुलैला संपते, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात यांत्रिक बोटी बाहेर पडतात आणि नेमकी त्याच वेळी पापलेटाची पिल्ले जाळ्यात येतात, ही सातपाटीकडच्या मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. गिऱ्हाईक श्रावण पाळतेच आहे. पाळत नाही ती बोट, कारण तिचा माल शीतगृहात थांबू शकतो.

मग बहिष्कार टाकायचाच झाला तर कोणावर? आइसलँडचा धडा इथे कामी येतो. हॉटेलांत आख्खे तळलेले किंवा भाजलेले पापलेट एका माणसाच्या ताटात मावले पाहिजे असा दंडक झाला आहे, आणि त्या ताटाच्या मापाने मागणी लहान माशाची होते. महामार्गावरची खाणावळ, लग्नाचे कंत्राट घेणारा आचारी, रिसॉर्टचा मुनीम हे आपल्या भागातील मोठे खरेदीदार आहेत. ते मोजके आहेत, त्यांना नावाची चाड आहे आणि त्यांची खरेदी एका दुकानातून नव्हे, दलालाकडून होते. तरुण मित्रांनी पाटीसमोर उभे राहण्याऐवजी यांच्या दारात जावे. मोठ्या माशाच्या तुकड्या वाढा, आख्खे पिल्लू वाढू नका, एवढीच मागणी करावी. ज्याने मानली त्याचे नाव सांगावे, ज्याने नाकारली त्याचेही सांगावे.

बाकीचे काम बंदरावर आणि मंत्रालयात आहे. पर्ससीन जाळ्यांवर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी कडक बंधने आली, आणि १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन शिक्षा वाढल्या. त्या मागण्या पारंपरिक मच्छीमारांच्या संघटनांनी लावून धरलेल्या होत्या, ग्राहकांनी नव्हे. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची कत्तल चाले. तिचे मांस परदेशी जाई, म्हणजे गिऱ्हाईक आपल्या आवाक्यात नव्हतेच. २००१ साली कायद्याने तिला संरक्षण मिळाले, पुढे मच्छीमारांमध्ये प्रबोधन झाले, आणि जाळे कापून मासा सोडणाऱ्याला भरपाई देण्यात आली. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापावे लागल्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. हाच न्याय आसाला का लावू नये? लहान आसाचे जाळे जमा करणाऱ्याला मोठ्या आसाचे जाळे घेण्यासाठी सहकारी संस्थेमार्फत पैसे द्यावेत. किमान आकाराची तपासणी लिलावाच्या जागी, बोटीचा माल उतरताना व्हावी. मंडईत कोळणीच्या पाटीत हात घालून होऊ नये. भुकटीच्या कारखान्याला कोणत्या बंदरावरून काय माल आला याची नोंद उघड करणे भाग पाडावे.

हे सारे करताना एक भान राखावे लागेल. डोलीच्या कवींवरून वसई-उत्तन आणि सातपाटी-डहाणू या दोन्हीकडच्या कोळ्यांमध्ये जुने वाद आहेत. शहरातून गेलेल्या बहिष्कारवाल्यांनी एका बाजूची मासळी 'शुद्ध' आणि दुसरीची 'अशुद्ध' ठरवली, तर त्या वादाला नवे इंधन मिळेल. आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी ज्याची पायाभरणी झाली, त्या वाढवणच्या बंदराविरुद्ध हीच माणसे एकत्र उभी राहू पाहत आहेत. पिल्ले ज्या उथळ पाण्यात वाढतात त्या पाण्यावर भराव पडणार असेल, तर पट्टीने मासा मोजणाऱ्यांनी त्याविषयीही बोलले पाहिजे. पत्रकात त्याबद्दल एक ओळ नाही. ती घालावी, 'लहान मासा' हे शब्द काढून 'पापलेटाचे पिल्लू' असे लिहावे, आणि सह्यांची मोहीम मासळी बाजारातून उचलून हॉटेलांकडे न्यावी. या दुरुस्त्या झाल्या तर माझी सही घेऊन जावी.