फलकावरचे शून्य आणि आपली जबाबदारी

(ऑनलाइन सेवा हाताळणाऱ्या अधिकारी व कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी कला शाखेची पदवीधर. मराठी वाङ्मयाचा अभ्यास करून माहिती अधिकारी म्हणून शासनाच्या सेवेत आले. असे असता लॉग व्यवस्थापन प्रणालीतील डॅशबोर्ड यासारख्या तांत्रिक विषयावर बोलण्यास मी उभी कशी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर असे की, एका डॅशबोर्डवर विसंबून मी एकदा जनतेला चुकीची माहिती दिली आहे. तो प्रसंग प्रथम सांगते.

काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात काम करीत होते. शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरण्याचा तो अखेरचा दिवस होता. दुपारपासून दूरध्वनी खणखणू लागले. अर्ज पुढे जात नाही, शेवटचे पान उघडत नाही, अशा तक्रारी येऊ लागल्या. मी संगणक कक्षात गेले. तेथे भिंतीवरील मोठ्या पडद्यावर डॅशबोर्ड लावलेला होता आणि त्याच्या मधोमध हिरव्या चौकटीत ठळक अक्षरांत लिहिले होते : गेल्या तासातील त्रुटी, शून्य. मी समाधानाने परत आले आणि यंत्रणा सुरळीत चालू असल्याचे प्रसिद्धिपत्रक काढले.

संध्याकाळी उलगडा झाला. सर्व्हरची डिस्क भरून गेली होती. त्यामुळे अर्ज स्वीकारले जात नव्हते आणि ते स्वीकारले जात नसल्याच्या नोंदीही लिहिल्या जात नव्हत्या. नोंद येत नव्हती म्हणून मोजणी शून्य, आणि मोजणी शून्य म्हणून चौकट हिरवी. त्या संध्याकाळी एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा दूरध्वनी आला. मुलीला घेऊन ते दिवसभर तालुक्याच्या गावी बसले होते. आवाजात राग नव्हता. ते एवढेच म्हणाले, "मॅडम, तुमच्या पत्रकात सगळं सुरळीत आहे, मग आमचंच काय चुकलं?" दुसऱ्या दिवशी मुदतवाढीचे पत्रक निघाले आणि त्या मुलीचा अर्जही दाखल झाला. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना देऊ शकले नव्हते. आज आपल्यापुढे जे बोलणार आहे, ते त्या उत्तराच्या शोधात शिकलेले आहे.

नोंदवहीचा वारसा

'लॉग' हा शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा. जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडीत. तो तुकडा म्हणजे लॉग आणि त्यावरून कळलेला वेग ज्या वहीत लिहीत, ती लॉगबुक. आपल्या कार्यालयांतील बारनिशीची वही ही याच कुळातली. कोणते पत्र केव्हा आले, कोणाकडे गेले, हे त्या वहीत सापडते. संगणकाचा लॉग हेच काम करतो. एखाद्या नागरिकाने संकेतस्थळावर कळ दाबली की एक ओळ लिहिली जाते : वेळ कोणती, मागणी कशाची आणि उत्तर काय मिळाले. उत्तराला संकेतांक असतो. २०० म्हणजे काम झाले, ४०४ म्हणजे मागितलेले पान सापडले नाही आणि ५०० पासून पुढचे संकेतांक म्हणजे दोष नागरिकाचा नसून आपल्या यंत्राचा आहे.

त्या वडिलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका संकेतांकात असते, हे ध्यानात घ्यावे.

नोंदी पाठवण्याची 'सिसलॉग' ही पद्धत अमेरिकेतील बर्कले येथे एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात घडवली आणि ती आजही वापरात आहे. तिच्यात प्रत्येक नोंदीला ० ते ७ अशी तीव्रता दिलेली असते. येथे नवख्या माणसाची फसगत होते. आकडा जितका लहान, तितके संकट मोठे. शून्य म्हणजे यंत्रणा निकामी होण्याची वेळ आणि सात म्हणजे केवळ तंत्रज्ञांच्या तपासणीसाठी लिहिलेली ओळ. गंभीर नोंदी पाहावयाच्या तर तीन किंवा त्याहून कमी असा शोध घ्यावा लागतो.

अनेक यंत्रांच्या अशा लाखो ओळी एका जागी गोळा करणे, त्यांची फोड करून वेळ, यंत्राचे नाव, संकेतांक असे रकाने पाडणे आणि हवी ती ओळ क्षणात शोधून देणे, हे लॉग व्यवस्थापन प्रणालीचे काम होय. अशा प्रणाली अनेक आहेत. मी उदाहरणासाठी ग्रेलॉग घेते, कारण माझा परिचय तिच्याशी आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे लेनार्ट कूपमन यांनी २००९ साली तिचा आरंभ केला.

आधी प्रश्न, मग फलक

डॅशबोर्ड म्हणजे अशा शोधांच्या उत्तरांचा फलक. तो बांधण्याची रीत अवघड नाही. प्रथम शोधाच्या पानावर कालावधी निवडावा, नोंदींचा कोणता प्रवाह हवा ते ठरवावे आणि अट लिहावी. उदाहरणार्थ, अर्जांच्या प्रवाहातील ५०० वा त्याहून मोठा संकेतांक असलेल्या नोंदी. मग त्या कोणत्या रकान्यानुसार गटांत विभागावयाच्या आणि काय मोजावयाचे, म्हणजे संख्या, सरासरी की कमाल, हे सांगावे. शेवटी उत्तर कोणत्या रूपात हवे, म्हणजे रेषा, स्तंभ, तक्ता की एकच ठळक आकडा, ते निवडून ती चौकट फलकावर ठेवावी. या चौकटीला विजेट म्हणतात.

तांत्रिक भाग एवढाच. कठीण भाग त्याच्याही आधी आहे. हा फलक कोण पाहणार आणि पाहून काय करणार, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर फलक बांधण्याची घाई करू नये. पाळीवरच्या तंत्रज्ञाला कोणते यंत्र बिघडले हे हवे असते. विभागप्रमुखाला आज किती अर्ज आले आणि किती अडले हे हवे असते. माझ्यासारख्या माहिती अधिकाऱ्याला नागरिकांना आत्ता काय सांगावे हे हवे असते. या तिघांना एकाच पडद्यावर तीस चौकटी दाखवल्या तर तिघांपैकी कोणालाच काही दिसत नाही. एका डॅशबोर्डमध्ये स्वतंत्र पाने करता येतात. तिघांसाठी तीन पाने करावीत आणि प्रत्येक पानावर पाच-सहाच चौकटी ठेवाव्यात.

आणखी एक सूचना. प्रत्येक विजेट आपली अट आणि आपला कालावधी स्वतंत्रपणे बाळगते. एका चौकटीत गेली पाच मिनिटे आणि शेजारच्या चौकटीत गेले चोवीस तास, असे सहज घडते आणि पाहणारा त्यांची परस्परांशी तुलना करून मोकळा होतो. म्हणून चौकटीच्या शीर्षकात काय मोजले आणि किती वेळातले, हे साध्या मराठीत लिहावे. 'त्रुटी' एवढे शीर्षक पुरेसे नाही. 'गेल्या एका तासात न स्वीकारलेले अर्ज' हे शीर्षक पुरेसे आहे.

आकडे खरे, अर्थ खोटा

आकडा चुकीचा नसतानाही दिशाभूल करू शकतो. समजा, शंभर नागरिकांपैकी ९५ जणांचे पान एका सेकंदात उघडले आणि पाच जणांना साठ सेकंद थांबावे लागले. सरासरी निघते सुमारे चार सेकंद. चार सेकंद हा काळ त्या शंभरांपैकी एकाच्याही वाट्याला आलेला नाही. जे पाच जण खरोखर अडले, ते त्या सरासरीत दिसेनासे झाले. म्हणून सरासरीच्या जोडीला ९५ वे आणि ९९ वे शततमक मांडावे. ९९ वे शततमक पाहिले की साठ सेकंद थांबलेला माणूस फलकावर येतो. तसेच नुसत्या संख्येपेक्षा प्रमाण पाहावे. दहा हजारांत वीस अर्ज अडणे वेगळे आणि चाळिसांत वीस अडणे वेगळे.

वेळेचाही घोटाळा असतो. ग्रेलॉग वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार साठवते आणि पाहणाऱ्याच्या खात्यात नोंदलेल्या वेळेप्रमाणे दाखवते. खात्यात भारतीय वेळ नोंदलेली नसेल, तर आपल्याकडची सकाळी साडेदहाची गर्दी फलकावर पहाटे पाचला दिसते. मग अशा वेळी अर्ज कोण भरतो, असा भलताच संशय सुरू होतो. यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असणे तर त्याहून महत्त्वाचे. सर्ट-इन या केंद्र शासनाच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवून ठेवणे आणि लॉग १८० दिवस जतन करणे बंधनकारक केले, ते उगीच नव्हे.

शून्याचा अर्थ

आता माझ्या शून्याकडे वळते. त्रुटी शून्य याचे दोन अर्थ होतात : त्रुटी घडली नाही, किंवा त्रुटी सांगणारा गप्प झाला. फलकाला हा भेद आपोआप कळत नाही, तो आपण शिकवावा लागतो. त्रुटींच्या चौकटीशेजारी आलेल्या एकूण नोंदींची चौकट असलीच पाहिजे. प्रत्येक यंत्राकडून शेवटची नोंद किती वाजता आली, याचा छोटा तक्ता असावा. एकूण नोंदी शून्यावर आलेल्या असताना त्रुटी शून्य असतील, तर ती आनंदाची बातमी नाही, हे शाळकरी मुलालाही कळेल. त्या दुपारी एवढी एक चौकट असती, तर ते पत्रक माझ्या हातून निघाले नसते.

शिवाय फलक पाहण्यासाठी माणूस समोर असावा लागतो. रात्री दोन वाजता भिंतीकडे कोणी पाहत नाही. म्हणून जे कळताच कोणीतरी उठले पाहिजे, त्यासाठी इशाऱ्याची व्यवस्था वेगळी करावी. नोंदींचा ओघ ठरावीक काळ थांबला तर संदेश जावा, अशी अट या प्रणालीत घालता येते. इशारा उठवतो, फलक समजावतो. एकाचे काम दुसऱ्यावर टाकू नये.

फलकाची निगा

इमारत बांधून चालत नाही, ती राखावीही लागते. माझा अनुभव असा की, डॅशबोर्ड बिघडत नाही, तो हळूहळू खोटा होतो. संगणक प्रणाली तयार करणारे एखाद्या रकान्याचे नाव बदलतात आणि जुन्या नावावर बांधलेली चौकट तक्रार न करता रिकामी होते. म्हणून प्रत्येक फलकाला एक जबाबदार व्यक्ती नेमावी आणि तिचे पद फलकाच्या वर्णनात लिहावे. बदली झाली की दप्तराबरोबर फलकाचाही कार्यभार सोपवावा. पाहण्याचा, बदलण्याचा आणि मालकीचा अधिकार वेगवेगळा देता येतो. बदलण्याचा अधिकार दोघा-तिघांपुरताच ठेवावा. तिमाहीतून एकदा सर्व चौकटी तपासाव्यात आणि ज्या चौकटीवरून कोणी काही निर्णय घेतला नाही, ती काढून टाकावी.

जतनाविषयी एक बारकावा सांगते. ग्रेलॉगमध्ये नोंदी ओपनसर्चसारख्या शोध-कोठारात राहतात, पण फलकांची रचना मात्र मोंगोडीबी या वेगळ्या कोठारात असते. केवळ नोंदींची प्रत काढून निर्धास्त झालेल्या कार्यालयाला अपघातानंतर नोंदी मिळतील, परंतु महिनोन्‌महिने खपून बांधलेले फलक मिळणार नाहीत. दोन्ही कोठारांची प्रत घ्यावी.

शेवटी गोपनीयता. नोंदींत कधी कधी नागरिकांचे मोबाइल क्रमांक, आधार क्रमांकही नकळत उतरतात. मोठ्या पडद्यावर ते झळकले, तर येणारा-जाणारा प्रत्येक जण ते वाचतो. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला आहे. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी, विश्वासाने दिलेली माहिती भिंतीवर टांगू नये, हा साधा शिष्टाचार आहे. फलकावर संख्या असाव्यात, माणसांची ओळख नसावी.

मित्रहो, महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला आहे. जुन्या काळी अर्ज अडला तर तो टेबलावर पडलेला दिसे. आज तो कोठेच दिसत नाही, त्याची खूण केवळ एका नोंदीत उरते. ती नोंद वाचणे म्हणजे त्या अर्जदाराला समोर खुर्ची देणे होय.

त्या दिवसानंतर मी एक नियम स्वतःला घालून घेतला आहे. फलकावर शून्य आणि कानावर तक्रार, अशी दोन्ही एकाच वेळी आली, तर मी आधी तक्रार खरी मानते आणि फलक तपासायला सांगते. त्या वडिलांना मी पुढे दूरध्वनी केला होता. तुमचे काही चुकले नव्हते, चूक आमची होती, असे सांगितले. हे वाक्य त्याच दुपारी सांगता यावे, यासाठीच हा सारा खटाटोप आहे. आपण बांधाल त्या प्रत्येक फलकावर त्या वाक्याला जागा ठेवावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.