मेहनत आणि मोजमाप

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी काही जण लवकरच नोकरीवर रुजू होतील, काही जण अजून अर्जच भरत असतील. प्रश्न मात्र सगळ्यांच्या मनात एकच आहे: नोकरीत राबराब राबलं की त्याचं चीज होतंच का? ‘होतंच’ असं सांगून टाळ्या घेणं सोपं आहे. पण गोंदिया जिल्ह्यात उभं राहून मला तसं सांगता येणार नाही.

आपल्याकडे विडी वळणारी बाई पाहा. भिजवलेलं तेंदूपान साच्यावर धरून कात्रीने कापायचं, मांडीवरच्या सुपातला चिमूटभर तंबाखू त्यात भरायचा, बोटांनी वळून तोंड मुडपायचं आणि दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. माल सट्टेदाराकडे, म्हणजे मधल्या ठेकेदाराकडे, गेला की तो विड्यांचे कट्टे चाळतो आणि काही विड्या बाजूला काढतो. त्याला म्हणतात छाट. मेहनत सगळी तिची, पण तिच्या पदरात किती पडायचं हे ठरवणार दुसराच. ही तक्रार इतकी जुनी होती की विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ साली संसदेने कायदा केला, तेव्हा नाकारलेल्या विड्यांवरून होणारे वाद कसे सोडवायचे, याची तरतूद त्यात करावी लागली.

आता त्याच पानाची दुसरी गोष्ट. भर उन्हाळ्यात पहाटे उठून माणसं जंगलात जातात, पानं तोडतात, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, नेऊन मोजून देतात. वर्षानुवर्षं लिलाव वनविभाग करायचा, पान ठेकेदार न्यायचा आणि तोडणाऱ्याचा भाव दुसरीकडेच ठरायचा. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा गावाचा हक्क मान्य केला. त्याच्या बळावर २०१३ मध्ये गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा एकत्र आल्या आणि त्यांनी आपला तेंदूपत्ता स्वतः विकायला काढला. बाजार पडला तर त्यांनाही झळ बसते. पण सौदा कितीला झाला, कोणाचे पुडे किती, हे आता गावाच्या वहीत असतं. जंगल तेच, ऊन तेच, घामही तोच. बदलला तो हिशेब ठेवणारा हात.

माझं सांगणं एवढंच आहे. मेहनतीने मोल तयार होतं, यात शंका नाही. ते मोल तुमच्यापर्यंत पोहोचतं की नाही, हे मोजमाप कोणाच्या हाती आहे त्यावर ठरतं. म्हणून जीव ओतून काम करा, कारण हातात कौशल्य येतं ते कामातूनच, आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही. पण नेमणूकपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. भविष्य निर्वाह निधीचा पैसा खात्यात जमा होतोय का, ते तपासा. जादा कामाचे तास लिहून ठेवा. विचारायची वेळ आली तर एकटे जाऊ नका, सोबत्यांना घेऊन जा. कष्ट करूनही फळ मिळालं नाही, तर आपणच कमी पडलो असं मनाला लावून घेऊ नका.

आणि एक जबाबदारी. विडीच्या धंद्यातून पुढे आलेल्या मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था उभारली आणि या भागातल्या मुलांसाठी शाळा-कॉलेजांची दारं उघडली. त्या धंद्याची कमाई हजारो हातांनी विड्या वळून उभी केली होती. इथल्या शिक्षणावर त्या हातांचंही ऋण आहे.

उद्या तुमच्यातलं कोणी हजेरीपत्रक भरेल, कोणी मजुरीची बिलं मंजूर करेल, कोणी धानाच्या खरेदी केंद्रावर काट्याशेजारी उभं असेल. त्या दिवशी माप तुमच्या हातात असेल. ते पुरतं भरा. समोरच्या माणसाच्या कष्टाचं चीज होणार की नाही, हे तेव्हा तुम्ही ठरवणार आहात.