स्वमग्न मुले आणि पोलीस चौकी



मला भाषण कुठले येणार! पण हा विषय यंदा मीच मागून घेतला.

माझ्या जाऊबाईंचा मुलगा बावीस वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे; डॉक्टर ऑटिझम म्हणतात. तो नजरेला नजर देत नाही आणि आपल्या बोलण्यातला शेवटचा शब्द तेवढा परत म्हणतो. गेल्या वर्षी आठवडी बाजारात तो एका लेकराच्या हातातली भिंगरी बघत उभा राहिला. भिंगरी फिरू लागली की तो जागचा हलत नाही. कोणीतरी ओरडले, "पोरं पळवणारा आला!" लोकांनी त्याला धरून चौकीत नेले. तिथे विचारले, "पोर उचलत होतास, होय?" तो म्हणाला, "होय." झाला कबुलीजबाब! पुढच्या प्रश्नालाही तसेच, तेव्हा थट्टा करतो म्हणून कानाखाली बसली. तो कान झाकून डोलू लागला, तर म्हणे नशा केली आहे. जाऊबाई पोचेपर्यंत दोन तास गेले.

मी एकट्या पोलिसांना बोल लावत नाही. बाजारात हात धरणारे आपलेच लोक होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावाने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्यांना तर बोलता येत होते.

अमेरिकेतही निराळे नाही. २०१६ साली नॉर्थ मायामी शहरात एक स्वमग्न माणूस खेळण्यातला ट्रक घेऊन रस्त्यात बसला होता. ते पिस्तूल आहे असे समजून पोलिसाने गोळी झाडली. ती लागली त्याला सांभाळणाऱ्याला, आणि तो बिचारा हात वर करून पडलेला!

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे. २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७९ व्या कलमाप्रमाणे दिव्यांग साक्षीदाराला जबाबासाठी चौकीत यायची सक्ती नाही. पोलिसांनी घरी यावे. पण ही सवलत साक्षीदाराला. संशय आला की आमच्या पोराला ती नाही. म्हणून दिव्यांगाचे ओळखपत्र आधीच काढून ठेवा, आणि चौकीत मुलाला एकदा नेऊन ओळख करून द्या. आम्ही हे उशिरा केले.

जाऊबाईंनी आता त्याच्या सदऱ्याला आतून पट्टी शिवली आहे. तीवर फोन नंबर आहे आणि लिहिले आहे, 'शेवटचा शब्द परत म्हणतो, ते उत्तर नव्हे.' बाजारात तुम्हांला तो दिसला तर हात धरू नका. त्याच्या आईचे नाव घ्या, तो थांबतो.