चौकांतील पायवाट कोणी आंखावी?

शहरांतील चौक आंखला जातो कागदावर. परंतु तो जगतो लोकांच्या पायांखालीं. आंखणारा वरून पाहतो. त्याला चौक म्हणजे एक रेखीव आकृति दिसते : मध्यें वर्तुळ, चार दिशांना चार वाटा, वाटांच्या कडेला फुलझाडांचे वाफे. चालणारा जमिनीवरून पाहतो. त्याला ती आकृति दिसतच नाहीं. त्याला दिसतें तें बाजाराचें तोंड, शाळेचें फाटक किंवा स्टेशनचें घड्याळ. आणि त्याचीं पावलें त्या खुणेकडे सरळ वळतात. थोड्याच दिवसांत वाफ्याचा एक कोपरा तुडवला जातो, हिरवळीवर पांढुरकी रेघ उमटते, आणि तेथें ‘हिरवळीवरून चालूं नये’ अशी पाटी उभी राहते. पुढें पाटी गंजते. रेघ मात्र राहते. या लहानशा तंट्यांत न्याय कोणत्या बाजूला आहे, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम चालणाऱ्याची बाजू घेऊं. 100 मीटर बाजूच्या चौरस चौकांत एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कडेकडेनें जावयास 200 मीटर चालावें लागतें. कर्णावरून तेंच अंतर सुमारें 141 मीटर भरतें. म्हणजे दर दहा पावलांमागें जवळजवळ तीन पावलें वांचतात. तरण्याताठ्या माणसास हा वळसा पाऊण मिनिटाचा. परंतु डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला किंवा गुडघ्यांवर हात टेकीत चालणाऱ्या वृद्धाला तो तसा वाटत नाहीं. दिवसांतून दोनदां, वर्षांतून 300 दिवस तो घ्यावा लागला, तर वर्षाकाठीं 35 किलोमीटरांहून अधिक चाल केवळ आकृतीच्या शोभेखातर पडते. आडवाटेनें जाणाऱ्यास आळशी किंवा अडाणी म्हणणें सोपें आहे. पण हा हिशेब त्याच्या पायांनीं आधींच केलेला असतो.

अशी वाट पडते तरी कशी? एकाच जागीं पुनः पुनः पाय पडले म्हणजे माती दाबली जाते, तिच्यांतील हवेच्या व पाण्याच्या पोकळ्या बुजतात, मुळें गुदमरतात आणि गवत मरतें. उघड्या झालेल्या जमिनीवरून चालणें सोपें. म्हणून पुढचा पांथस्थ तिकडेच वळतो आणि वाट अधिकच मळते. डिर्क हेल्बिंग व त्यांचे दोन सहकारी यांनीं 1997 सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत या क्रियेचें गणिती विवेचन प्रसिद्ध केलें. त्यांतून दिसलें तें असें कीं, प्रत्येकजण केवळ आपली सरळ रेघ धरीत नाहीं. मळलेली वाट जवळ असेल तर तो थोडा वळसा पत्करतो, आणि अनेकांच्या वाटा मिळून एक समाईक वाट तयार होते. ना सभा, ना ठराव. तरी शेंकडों अनोळखी माणसांची ही एक तडजोडच होय.

मग आंखणाऱ्यानें पायांमागून नुसता फरसबंदीचा दगड टाकीत जावें काय? येथें लंडनच्या ट्रॅफल्गार चौकाचें उदाहरण उपयोगी पडतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध झालेल्या या चौकाच्या उत्तरेस राष्ट्रीय चित्रसंग्रहालय आहे, आणि मध्यें नेल्सनचा उंच स्तंभ. विसाव्या शतकांत चौकाला चोहोंकडून वाहनांचा वेढा पडला. उत्तरेकडील उंच सज्जा व खालचा चौक यांमध्यें एक भिंत होती, आणि उतरण्याच्या पायऱ्या कोपऱ्यांत होत्या. शतकाच्या अखेरीस वास्तुशिल्पी नॉर्मन फॉस्टर यांच्याकडे या भागाच्या सुधारणेची योजना आली, तेव्हां लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील बिल हिलियर यांच्या सहकाऱ्यांनीं आधीं एकच साधें काम केलें : लोक कोठून कोठें जातात, हें त्यांनीं पाहिलें व नोंदलें. तेव्हां असें आढळलें कीं, लंडनवासी चौकाचा मध्यभाग टाळून कडेकडेनें जातात, आणि जवळच्याच पार्लमेंट चौकाकडे प्रवासी लोक येथून चालत जातच नाहींत.

आतां, केवळ पडलेल्या पावलांवर विश्वास ठेवला असता, तर कडेच्या वाटा रुंद करून मध्यभाग ओसाड ठेवावा लागला असता. परंतु पाहणाऱ्यांनीं पुढचा प्रश्न विचारला : लोक मध्यें कां येत नाहींत? उत्तर भिंतींत व रहदारींत होतें. वर उभ्या राहिलेल्या माणसाला खालीं जाण्याची सरळ वाट दिसत नव्हती. आणि जी वाट दिसत नाहीं, ती पायांना सुचत नाहीं. म्हणून उत्तरेकडील रस्ता वाहनांना बंद झाला, भिंतीचा मधला भाग काढून तेथें रुंद जिना बांधण्यांत आला, आणि 2003 सालीं चौक नव्या रूपानें खुला झाला. आज त्या जिन्याच्या माथ्यावरून नजर थेट व्हाइटहॉलच्या रस्त्यापर्यंत पोंचते, आणि नजरेमागून पाय जातात. पूर्वीं जो केवळ वळसा घालण्याचा अडथळा होता, तो ओलांडण्याचा आणि बसण्याचा चौक झाला.

सारांश, पावलांची साक्ष घ्यावी, पण तिची उलटतपासणीही करावी. मळलेली वाट लोकांची इच्छा सांगते; न पडलेली वाट पुष्कळदां अडथळा सांगते. पायऱ्या चढतां न येणारा अपंग, काठीनें चांचपत चालणारा आंधळा, वाहनांच्या धास्तीनें घरींच राहणारा वृद्ध, यांचीं पावलें हिरवळीवर उमटत नाहींत. तीं उमटत नाहींत म्हणून त्यांना वाट नको, असें समजणें हा अन्याय होय. त्यांच्याकरितां उतार, सपाट फरशी व हाताला आधार हीं आंखणाऱ्यानें आपण होऊन योजावीं लागतात.

शिवाय माणूस चौकांत चालतो तसा थांबतोही. विल्यम व्हाइट या अभ्यासकानें 1970 नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कमधील चौकांचें चलच्चित्रण करून पाहिलें. त्याला आढळलें कीं, गप्पा मारणारे लोक गर्दीपासून दूर न जातां वाहत्या गर्दीच्या मधोमधच उभे राहतात, आणि जेथें बसावयास जागा असते तेथेंच बसतात. ही दुसरी गोष्ट ऐकावयास क्षुल्लक, पण अनेक चौकांत ती विसरली गेली होती. अर्थात् वाट आंखतांना ती बोळासारखी चिंचोळी न करतां दोघांना थांबून बोलतां येईल व तिसऱ्याला पुढें जातां येईल एवढी ऐसपैस असावी.

या विचाराचा पडताळा मुंबईच्या ओव्हल मैदानावर येतो. मैदानाच्या पूर्वेस उच्च न्यायालय व राजाबाई मनोरा, पश्चिमेस विसाव्या शतकांतील नव्या धाटणीच्या इमारतींची रांग. 2018 सालीं या दोन्ही समूहांची गणना जागतिक वारशांत झाली. चर्चगेट स्टेशनवर उतरलेल्या कचेरीवाल्यांना फोर्टांत पोंचावयाचें असतें आणि मध्यें हें मैदान पसरलेलें असतें. त्यांची वाट मैदानावरून आडवी जाते, आणि तिच्या दोन्ही अंगांना क्रिकेटचे डाव चालतात. मैदानाला कठडा आहे. पण कठड्याला दारें आहेत. एक वाट मोकळी ठेवल्यानें बाकीची हिरवळ खेळाडूंना राहते. ती नाकारली असती, तर एकीच्या जागीं दहा वाटा पडल्या असत्या.

म्हणून नगरपालिकांनीं नव्या चौकाची फरशी घालण्यापूर्वीं सकाळ, दुपार व संध्याकाळ, कामाच्या दिवशीं व बाजाराच्या दिवशीं, तेथें एक माणूस वही घेऊन बसवावा. कोण कोठून येतो, कोठें जातो, कोठें अडखळतो, कोठें टेकतो, आणि कोण मुळीं येतच नाहीं, एवढें त्यानें लिहावें. या कामास खर्च थोडा लागतो. फरशी उखडून पुन्हां घालण्यास फार. चौक ज्यांच्या पैशानें बांधला जातो, त्यांच्याच पायांना तेथें चोरवाट शोधावी लागूं नये, एवढें या मेहनतीनें साधतें.