अक्षराचे राखणदार

यहुदी लोक आपल्या प्राचीन धर्मग्रंथास ‘तनाख’ म्हणतात; ख्रिस्ती जगांत त्यांतीलच पुस्तकें ‘जुना करार’ या नांवानें प्रसिद्ध आहेत. आठवड्यांतून एक दिवस विश्रांतीचा असावा, हा आज सर्वांच्या अंगवळणीं पडलेला प्रघात ज्या परंपरेंतून पसरला, तिचा हा मूळ ग्रंथ. मुद्रणकला नव्हती त्या काळीं तो कोणीं व कसा सांभाळला, ही कथा मोठी उद्बोधक आहे.

हिब्रू लिपींत मुळांत मुख्यतः व्यंजनेंच लिहीत. आपल्याकडे ‘क’ आणि ‘ळ’ एवढींच व्यंजनें लिहिलीं, तर ‘कळ’ वाचावें, ‘काळ’ वाचावें कीं ‘केळ’? ज्यास परंपरेनें पाठ असे, त्यासच तें उमगे. ही परंपरा लुप्त होऊं नये म्हणून इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांत, गॅलिली सरोवराच्या कांठीं टायबेरियस येथें, ‘मसोरा’ पंडितांनीं अक्षरांच्या खालींवर बिंदु व रेषा देऊन उच्चार निश्चित केले. विरळ शब्द कोठें किती वेळां आले, याची गणती समासांत नोंदविली. एखाद्या स्थळीं वाचनाची परंपरा लिखिताहून निराळी असली, तरी त्यांनीं मूळ अक्षर खोडलें नाहीं. तें ओळींत तसेंच राखून वाचावयाचा शब्द बाजूस लिहिला. विद्वत्तेस एवढा संयम क्वचितच साधतो.

सुमारें ९३० मध्यें सिद्ध झालेली अलेप्पोची पोथी म्हणजे या परिश्रमाचा कळस. १९४७ च्या दंगलींत तेथील प्रार्थनामंदिरास आग लावण्यांत आली. १९५८ मध्यें पोथी जेरुसलेमला पोहोंचली, तेव्हां पहिल्या पांच पुस्तकांचीं बहुतेक पानें नाहींशीं झालीं होतीं.

त्याच सुमारास मृतसमुद्राजवळ, कुमरानच्या गुहेंत, यशयाच्या ग्रंथाची चामड्यावर लिहिलेली गुंडाळी सांपडली. ती अलेप्पोच्या पोथीहून सुमारें हजार वर्षांनीं जुनी! शब्दांत व लेखनपद्धतींत भेद पुष्कळ. परंतु ग्रंथ तोच. राखणदारांची निष्ठा सिद्ध झाली.

यिर्मयाच्या ग्रंथाची गोष्ट मात्र वेगळी. प्राचीन ग्रीक भाषांतरांत तो सुमारें एक अष्टमांशानें लहान आहे. भाषांतरकारानें मजकूर गाळला, असा तर्क कित्येक करीत. पुढें १९५२ मध्यें सांपडलेल्या चौथ्या गुहेंतील एका हिब्रू तुकड्यांतही तोच संक्षिप्त पाठ दिसला. म्हणजे त्या काळीं ग्रंथाचीं दोन रूपें नांदत होतीं, आणि भाषांतरकारावरील आरोप पुष्कळसा व्यर्थ होता.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९६६ मध्यें पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति ज्यांनीं चाळली असेल, त्यांस ही शिस्त अपरिचित वाटणार नाहीं. तेथेंही न स्वीकारलेले पाठ तळाशीं जपून ठेविले आहेत. आज अग्राह्य वाटणारा पाठच उद्यां एखाद्या गुहेंतून साक्ष घेऊन येईल, याची जाणीव ज्यास आहे, तोच ग्रंथाचा खरा राखणदार होय.