तंबू, मगरी आणि एका बाईचं ‘नाही’

  आम्ही दोघं नवरा-बायको. आमच्यातल्या एकाची सगळी नोकरी एस.टी.च्या स्टिअरिंगवर गेली, दुसरीची अंगणवाडीत. आमची लेक ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहरात नर्स आहे. तिच्याकडं गेलो असताना तिची गाडी, मित्रांचा तंबू आणि उसनी शेगडी घेऊन आम्ही दहा दिवस तिथली राष्ट्रीय उद्यानं पाहिली. हजार किलोमीटरच्या आसपास गाडी चालवली आणि रोज रात्री तंबूत झोपलो. आज त्याबद्दल बोलू. नुसतं काय पाहिलं ते सांगून थांबणार नाही. त्या जंगलातून आम्ही एक विचार घेऊन आलो, तोही तुमच्यापुढं ठेवायचा आहे.

आधी मुलूख समजून घेऊ. ऑस्ट्रेलियाच्या या भागाला नॉर्दर्न टेरिटरी म्हणतात. आकारानं महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा, पण माणसं अडीच लाखांच्या आसपास. आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्यात असतात तेवढी. हवा मात्र ओळखीची. उष्ण मुलूख, आणि पाऊस आपल्यासारखाच मोसमी. फक्त उलटा. आपल्याकडं मृगाची वाट बघतात तेव्हा तिकडं कोरडा हंगाम सुरू झालेला असतो. पाऊस पडतो डिसेंबर ते मार्च. तेव्हा नद्या पसरतात, रस्ते बुडतात, बरीच उद्यानं अर्धी बंद होतात. म्हणून आम्ही जूनमध्ये निघालो. गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवतात, त्यामुळं एस.टी.चा हात लगेच बसला. धडकी भरली ती ‘रोड ट्रेन’ बघून. एका ट्रकमागं तीन-तीन, चार-चार डबे, सगळी मिळून पन्नास मीटरहून लांब. ती ओलांडून पुढं जायची घाई करायची नाही. आणि सूर्य मावळला की गाडी थांबवायची, कारण अंधारात कांगारू आणि रानम्हशी रस्त्यावर येतात.

होय, म्हशी! एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तिमोर वगैरे बेटांवरून मांसासाठी म्हशी नेल्या. पुढं त्या वस्त्या मोडल्या, म्हशी रानात सुटल्या आणि हजारोंनी वाढल्या. पाणथळ जागा तुडवून त्यांनी गोड्या पाण्याच्या दलदलीत खारं पाणी शिरू दिलं. आपल्या गोठ्यातली लक्ष्मी तिथं उपद्रवी जनावर ठरली. आपण वैरणीला लावतो ते पॅरा गवत तिथल्या पूरमैदानांवर माजलंय, आणि आपला कडुलिंबही तिथं सरकारनं जाहीर केलेलं तण आहे. एका अंगणातलं औषध दुसऱ्या रानाचं दुखणं होतं ते असं. म्हणूनच विमानतळावर बी-बियाणं, खाण्याचे पदार्थ, सगळं दाखवावं लागतं. पापड-मसाल्याचा डबासुद्धा आधी कागदावर लिहून सांगायचा, मग उघडून दाखवायचा.

पहिला मुक्काम लिचफील्ड उद्यानात. तिथं वारुळं बघण्यासारखी आहेत. माणसापेक्षा उंच, आणि पाट्यासारखी चपटी. सगळ्यांची पातळ धार उत्तर-दक्षिण. वाळवीनं असं बांधलं कारण सकाळ-संध्याकाळचं ऊन रुंद बाजूवर पडतं आणि भर दुपारचं ऊन नुसत्या धारेवर. आतला गारवा टिकतो. पंखा नाही, वीज नाही. लांबून बघितलं तर एखादं जुनं स्मशानच वाटतं.

दुसरा मुक्काम नितमिलुक. नितमिलुक म्हणजे तिथल्या जावोयन लोकांच्या बोलीत रातकिड्यांसारख्या किरकिरणाऱ्या सिकाडा किड्याची जागा. कॅथरीन नदीनं खडक कापून एकामागं एक तेरा घळी केल्यात. १९८९ साली ही जमीन कायद्यानं जावोयन लोकांना परत मिळाली. त्यांनी ती उद्यानासाठी सरकारला भाडेपट्ट्यानं दिली आणि कारभार दोघं मिळून बघतात. म्हणजे सरकार कूळ आणि आदिवासी मालक! हे ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आपल्याकडं जंगल म्हटलं की मालक कोण आणि मोळी आणताना कुणाला घाबरायचं, हे तुम्हाला सांगायला नको.

तिसरं आणि सगळ्यात मोठं उद्यान काकाडू. क्षेत्र सुमारे वीस हजार चौरस किलोमीटर. आपल्या राज्यात सगळ्यात मोठा अहिल्यानगर जिल्हा, तोही याच्यापुढं लहान. १९७९ साली उद्यान झालं आणि १९८१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आलं. इथले मूळ लोक स्वतःला उत्तरेकडं बिनिन्ज आणि दक्षिणेकडं मुंगुय म्हणवतात. त्यांचे ऋतू दोन नाहीत, सहा आहेत. पावसाळा गुजेवग. मग उंच वाढलेलं गवत आडवं पाडणाऱ्या वादळांचा बांगेरेंग. मग येग्गे, वुर्गेंग, गुर्रुंग, आणि पावसाआधीच्या गडगडाटाचा गुनुमेलेंग. कोणतं फूल फुललं की कोणता मासा चांगला, कोणता वारा सुटला की रान पेटवायचं, हे सगळं त्यात बसलेलं. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसांना नक्षत्रं पाठ असतात, तसंच.

रान पेटवायचं म्हणजे काय, तेही सांगतो. कोरडा हंगाम सुरू होताना गवत अजून थोडं ओलं असतं. तेव्हा वनरक्षक आणि आदिवासी मंडळी तुकड्या-तुकड्यांनी बारीक आग लावतात. ती झाडाच्या शेंड्यापर्यंत जात नाही. मग ऑक्टोबरच्या कडक उन्हात वणवा लागला तर जळायला सलग गवत उरत नाही. शेजारच्या पश्चिम आर्नहेम लँडमध्ये तर २००६ पासून हेच जुनं ज्ञान रोजगार झालंय. मोठे वणवे कमी झाले की हवेत जाणारा धूर कमी, आणि त्या कामाचे पैसे आदिवासी वनरक्षकांच्या गटांना मिळतात. आपल्या डोंगराला आग लावा असं आम्ही म्हणत नाही. आपलं रान वेगळं, आपला कायदा वेगळा. पण ज्यांनी रान पिढ्यान् पिढ्या बघितलंय त्यांना विचारल्याशिवाय ते राखता येत नाही, एवढं तिथं कळतं.

आता मगरींचं. खाऱ्या पाण्याची मगर म्हणतात, पण गोड्या पाण्यातही ती खुशाल राहते. कातड्यासाठी इतकी शिकार झाली की ती संपत आली होती. १९७१ साली त्या भागात शिकारबंदी झाली आणि आता तिथं एक लाखाच्या आसपास मगरी आहेत. ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवर काहिल्स क्रॉसिंग नावाचा बुडता रस्ता आहे. भरतीच्या वेळी मासे वर येतात आणि मगरी रांगेनं तोंड उघडून बसतात. अ‍ॅलिगेटर ही मगरीची वेगळी जात, ती या देशात नाहीच. नाव ठेवणाऱ्या साहेबानं मगर ओळखली नाही, पण नाव तसंच राहिलं.

तिथं मुक्काम करायचे नियम आम्हाला तोंडपाठ झाले. तंबू पाण्यापासून किमान पन्नास मीटर लांब ठोकायचा. भांडी नदीवर घासायची नाहीत. मासे साफ करून घाण काठावर टाकायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज त्याच वेळी त्याच जागी पाण्यावर जायचं नाही. मगर पाण्याखालून बघत असते. तुमची वेळ, तुमची जागा ती लक्षात ठेवते. ‘दिसत नाही म्हणजे नाही’ असं तिथं कुणी समजत नाही. कृष्णा-वारणेच्या काठावरच्या, चिपळूणकडच्या वाशिष्ठीकाठच्या बायांनो, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतोय. आपली मगर जातीनं वेगळी आणि लहान, पण धुणं मात्र आपण रोज त्याच दगडावर, त्याच वेळी धुतो. एकटीनं वाकून बसू नका. जागा बदला. काठावर उष्टं-खरकटं टाकू नका. आणि पंचायतीकडं वरच्या बाजूला धुण्याचा कट्टा मागा.

संसार आमचा सुटसुटीत होता. वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन, कुकर, तांदूळ, डाळ, बेसन. सकाळी पोहे, रात्री खिचडी नाहीतर पिठलं. दिवस उगवायच्या आत चालायला जायचं, अकराला सावलीत. मच्छरदाणीशिवाय झोप नाही. फोनला रेंज नसते, म्हणून कुठं जाणार आणि कधी परतणार ते लेकीला आधी लिहून दिलेलं. तंबू ठोकणं हे एकट्याचं काम नाही. एकानं खांब धरला तर दुसऱ्यानं दोरी ताणायची. आणि स्वयंपाकाची पाळी आम्ही वाटून घेतली होती. पस्तीस वर्षांच्या संसारात प्रवासाला जाऊनही बाईची सुट्टी झाली, अशी ही पहिलीच खेप.

कुइंडाच्या बाजूला पाणथळात नावेनं फिरलो. कमळं आपलीच. पानं आपलीच. काळ्या मानेचा करकोचाही आपल्याकडं दिसतो तोच. जवळच्या सांस्कृतिक केंद्रात एक आजीबाई केवड्याच्या कुळातल्या झाडाची पानं सोलून, मुळांच्या रंगात रंगवून टोपली विणत होत्या. भाषा येत नव्हती. आम्ही शेजारी बसलो. त्यांनी दोन पाती हातात दिली आणि बोटांनी दाखवलं. तासाभरात वीतभरही झालं नाही. बुरूड बायकांच्या हातांची किंमत तिथं कळली. फोटो काढायच्या आधी विचारायचं, ही तिथली रीत. आम्ही विचारलं, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. विषय संपला.

आता त्या दुसऱ्या ‘नाही’कडं येतो. काकाडूच्या मधोमध युरेनियमची खाण होती, रेंजर नावाची. ज्या कायद्यानं १९७६ साली तिथल्या आदिवासींना जमिनीचा हक्क आणि खाणीला नकार द्यायचा अधिकार दिला, त्याच कायद्यात एक कलम घालून ही खाण त्या अधिकारातून वगळली. जमीन मिरार लोकांची होती, त्यांना ती नको होती, तरी खाण झाली आणि २०२१ पर्यंत चालली. मग शेजारीच जबिलुका नावाची दुसरी खाण यायची वेळ आली. तेव्हा मिरारांच्या प्रमुख होत्या इव्होन मार्गारुला. त्या म्हणाल्या, नको. १९९८ साली खाणीच्या दारात लोक तळ ठोकून बसले. हा तळ सुमारे आठ महिने चालला. पाचशेहून जास्त जणांना अटक झाली. मार्गारुलांनाही अटक झाली, आपल्याच वाडवडिलांच्या जमिनीवर अतिक्रमण केलं म्हणून! त्या बोलायला शांत, पण हटल्या नाहीत. १९९९ साली त्यांना आणि त्यांच्या सहकारी जॅकी कटोना यांना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. २००३ साली खणलेलं भुयार कंपनीला परत भरावं लागलं. २००५ साली करार झाला की मिरार हो म्हणाले तरच खाण. आणि २०२४ साली सरकारनं खाणपट्टा वाढवून द्यायला नकार दिला आणि ती जमीन काकाडू उद्यानात घ्यायचं जाहीर केलं. पंचवीसहून जास्त वर्षं एकच शब्द धरून ठेवला, बायांनो.

त्याच जबिलुकाच्या पट्ट्यात एक कपार आहे, मजेडबेबे. तिथं माणूस पासष्ट हजार वर्षांपूर्वी राहत होता, असं संशोधक सांगतात. तिथं काय सापडलं? कुऱ्हाडी सापडल्या, आणि बिया दळायचे दगडही. खाण झाली असती तर तिच्या अगदी शेजारी हे होतं.

तिथं सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. आदिवासींच्या वाट्याला गरिबी आणि आजारपण अजून जास्तच आहे. मिळालेला हक्कही राखावा लागतो. काकाडूतल्याच गुनलोम धबधब्यावर उद्यानवाल्यांनी पवित्र जागेजवळून परवानगीशिवाय पायवाट बांधली म्हणून २०१९ मध्ये ती जागा बंद झाली. प्रकरण थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०२४ मध्ये निकाल आला की पवित्र जागांचा कायदा सरकारी संस्थेलाही लागू आहे.

आपल्याकडंही कायदा आहे. २००६ चा वनहक्क कायदा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २००९ साली त्याखाली सामूहिक हक्क मिळवला आणि स्वतःचा बांबू स्वतः विकला. पण ग्रामसभेत बाया किती बसतात? बसल्या तर बोलतात किती? आणि बोलल्या तर त्यांचं ‘नको’ वहीत लिहिलं जातं का?

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं काढा. तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गावाच्या जंगलाचा, गायरानाचा, नदीकाठाचा कागद कुणाच्या नावावर आहे? त्यात काही नवं येणार असेल तर आपल्याला कधी कळतं, आधी की नंतर? आणि आपल्या गटातल्या कोणत्या म्हाताऱ्या बाईला रानाचं सगळ्यात जास्त ठाऊक आहे? तिला मधे बसवा आणि तिचं सांगणं लिहून घ्या. काय ठरलं ते आपल्या रेडिओला कळवा. नमस्कार.